बाभळीला जामीन

आमच्या घरात नवी सून आली की तिने पहिल्या वर्षात वाडीत एक झाड लावायचं, अशी रीत आहे. भुईगावात बाकीच्या घरांत आहे की नाही, मला ठाऊक नाही. आमच्यात आहे, आणि ती पाळावीच लागते. लग्नानंतर आडनाव बदल म्हणून कुणी मागे लागलं नाही, नोकरी सोड असं कुणी म्हणालं नाही, पण झाडाची गोष्ट निघाली की सगळे एकदम सरसावून बसायचे. झाड कुठलं, ते सुनेने ठरवायचं. मग ते झाड कायमचं तिच्या नावाने ओळखलं जातं. आजेसासूबाईंचा जाम आहे. त्या जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी तो अजून "आजीचा जाम"च आहे. चुलत सासूबाईंचा चिकू. आणि माझ्या सासूबाईंचा सोनचाफा. त्याची फुलं केळीच्या पानाच्या पुड्यांत बांधून दादरच्या बाजारात जातात आणि त्याच्याबद्दल घरात कुणी वाकडं बोललेलं चालत नाही.

मी सोलापूरकडची. आमच्याकडे झाड म्हणजे लांबवर दिसणारं एखादं, आणि त्याच्या सावलीत एसटीची वाट बघत बसलेलं अख्खं गाव. अशा मुलीला एका वाडीत आणून सोडलं, जिथे केळी, नारळ, पानवेल, अनंत, मोगरा असं सगळं एकमेकांच्या अंगावर वाढलेलं, आणि वर सांगितलं की आता तू एक निवड. अहो, मिठाईच्या दुकानात जाऊन मीठ मागायची पाळी! जे सुचवावं ते आधीच होतं. पेरू म्हणावं तर दोन, जांभूळ म्हणावं तर ते कुणा मामीचं.

तेव्हा मी सातिवलीला एका छोट्या कारखान्याच्या ऑफिसात कामाला होते. अजूनही आहे. आम्ही बरण्यांची झाकणं बनवतो, ह्यापेक्षा जास्त त्याच्यात सांगण्यासारखं काही नाही. सगळीकडे पत्र्याच्या शेडी, गोदामं, टेम्पो, धूळ. पण आमच्या गेटापासून कोपऱ्यापर्यंत एक झाडांची रांग होती. एके दिवशी, दिवाळीच्या जरा आधी, मी रिक्षातून उतरले आणि बघते तर सगळी रांग पिवळी. हळदीत लोळवल्यासारखी! बोटाएवढे मऊ तुरे, हजारोंनी. खाली रस्ता पिवळा, टेम्पोचं टप पिवळं, वॉचमनची टोपीसुद्धा पिवळी. मागच्या त्या भिकार शेडी कुठे दिसेचनात. मी तिथल्या तिथे ठरवलं, हेच.

झाडं लावणारा नर्सरीवाला महिन्यातून एकदा यायचा. त्याला विचारलं तर म्हणाला, "ऑस्ट्रेलियन बाभूळ, मॅडम. लँडस्केपिंगला एक नंबर. कंपनी असो, सोसायटी असो, हायवे असो, पहिलं हेच जातं. वारा अडवतं, धूळ अडवतं, भिंत झाकतं, वाळूत येतं, पाणी मागत नाही, आणि वाढतं असं, की लावून मागे वळून बघायचं नाही." मग मी वाडीसाठी एक रोप द्या म्हटलं, तेव्हा त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "वाडीत? वाडीत हे कोण लावतं, ताई?" मॅडमची ताई झाली तेव्हाच मी समजायला हवं होतं. पण मी एकदा ठरवलं की ठरवलं.

रोप घरी आणलं. सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. त्यांची घरची बोली वेगळीच आहे, मला ती कळते पण लिहिता येत नाही, म्हणून माझ्या मराठीत सांगते.

"काय हे?"

"ऑस्ट्रेलियन बाभूळ."

"काटे कुठे आहेत?"

"हिला नसतात."

"बरं. फळ?"

"खायचं नाही धरत. शेंगा येतात, वाकड्यातिकड्या."

"फूल येतं म्हणतेस. देवाला चालतं?"

"माहीत नाही."

"वेणीत माळता येतं?"

"हातात घेतलं की झडतं."

"मग लाकूड तरी?"

"जळतं चांगलं," मी उत्साहाने म्हणाले.

"अगं, लावायच्या दिवशी जाळायच्या गोष्टी काय करतेस!" सासूबाईंनी रोप खाली ठेवलं आणि हात धुतले.

मी नर्सरीवाल्याचं सगळं पाठांतर म्हणून दाखवलं. वारा अडवतं, धूळ अडवतं, भिंत झाकतं. सासरे आरामखुर्चीतून म्हणाले, "आपली काय कंपनी आहे का?" संध्याकाळी माहेरी फोन केला तर आई तिकडून ओरडली, "काय की बाई तुझं! इथल्या बाभळीच्या काट्यांनी तुझ्या चपला फाटल्या, आणि इतक्या लांब नांदायला जाऊन लावलीस काय, तर बाभूळच?"

नवरा झाडांवर पुस्तकं वाचणाऱ्या त्याच्या मित्राला घेऊन आला. तो सौम्यपणे म्हणाला की परदेशी झाडं लावू नयेत, इथल्या मातीतलं काहीतरी लावा. त्याचं बरोबर होतं, मी आजही म्हणते. पण त्या दिवशी मला उगीचच झोंबलं. मीही इथल्या मातीतली कुठे होते? ते रोप मी दुसऱ्या दिवशी लावलंच.

जागा सासूबाईंनी दाखवली. बावखलाच्या, म्हणजे आमच्या वाडीतल्या तळ्याच्या पलीकडे, पश्चिमेच्या कुंपणाला. तिथे समुद्राचा खारा वारा सरळ येतो, त्यामुळे काही धड जगायचं नाही. सासूबाईंच्या मनात काय होतं, ते मला स्वच्छ कळलं. मरू दे मेलं आपोआप, कुणाला वाईटपणा नको! पण बाभूळच ती. मरते कुठली? दोन पावसाळ्यांत माझ्या डोक्याच्या वर गेली, आणि बुंध्यापासूनच चार-पाच फांद्या फुटून ऐसपैस पसरली. पानं कोयत्याच्या आकाराची, चामड्यासारखी. खाली पडली की कुजायचं नाव घेत नाहीत आणि त्यांच्यावरून पाय हमखास घसरतो. सासरे दोनदा घसरले. दोन्ही वेळेला त्यांनी माझं नाव घेतलं नाही, फक्त सोलापूर जिल्ह्याचं घेतलं.

आता रीतीचा दुसरा भाग सांगायला हवा. लग्नाच्या वेळी तो मला कुणी सांगितलाच नव्हता. दसऱ्याला आमच्याकडे कोयते, कुदळी, पहारी धुऊन त्यांची पूजा होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोयता पहिल्यांदा उचलायचा, तो धमकी द्यायला. जी झाडं वय होऊनही धरत नाहीत, त्यांच्यासमोर सासरे जाऊन उभे राहतात, कोयत्याची पाठ बुंध्यावर हाणतात आणि जोरात दम भरतात. "काय रे! खत खातोस, पाणी पितोस, जागा अडवतोस, आणि देतोस काय? आज तुला तोडतोच!" मग ज्या सुनेचं झाड, तिने मध्ये पडायचं. "नका हो तोडू. पुढच्या वर्षी धरेल." सासऱ्यांनी विचारायचं, "तू कोण ह्या झाडाची?" तिने म्हणायचं, "मी लावणारी. मी जामीन." की कोयता खाली. झाड घाबरतं आणि धरतं म्हणतात. चुलत सासूबाईंचा चिकू एका दमात वठणीवर आला होता, हे मला किमान पन्नास वेळा ऐकवलं गेलं आहे.

पण लावणारीचा जामीन दोन दसऱ्यांचाच. दोनदा सुटका, तिसऱ्यांदा नाही. तिसऱ्या दसऱ्यालाही झाड रिकामंच असेल, तर पहिला घाव लावणारीने घालायचा. आणि दुसरं झाड लावायचं नाही. सुनेला झाड एकच. थोरल्या जाऊबाईंची लिची अशीच गेली. त्या आता ठाण्याला असतात, पण वाडीत अजून एक मोकळा चौकोन आहे, त्याला सगळे "लिचीची जागा" म्हणतात. गणपतीला त्या आल्या की त्या बाजूला जात नाहीत. मी हे पाहिलेलं होतं. म्हणून मला हसू यायचं तितकीच भीतीही वाटायची. आपलंही असं एक भोक राहणार वाडीत, "बाभळीची जागा".

दोन पावसाळ्यांनंतरच्या पहिल्या दसऱ्याला मी बाभळीसमोर उभी राहिले. सासऱ्यांनी कोयता हाणून दम भरला. नवरा मागून म्हणाला, "बाबा, ऑस्ट्रेलियाचं झाड आहे, त्याला मराठी कळतं का?" सासरे थबकले. मग खरोखर हिंदीत एकदा दम भरला, सगळ्यांना समजेल असा. मी जामीन राहिले. घरी येईपर्यंत आम्ही तिघेही हसत होतो. सासूबाई मात्र हसल्या नाहीत, त्या दिवसांत त्या कशालाच हसत नव्हत्या.

त्याचं कारण पश्चिमेच्या कुंपणापलीकडे होतं. शेजारची वाडी विकली गेली आणि तिथे वीकेंडवाल्यांसाठी एक रिसॉर्ट झालं. पाच खोल्या, निळा पोहण्याचा तलाव, आणि कर्ण्यातून गाणी. तो तलाव नेमका आमच्या मागच्या पडवीसमोर. सासूबाई दुपारी जेवणं झाली की त्या पडवीत पाय पसरून बसायच्या, सोनचाफ्याच्या पुड्या बांधायच्या, जरा डोळा लावायच्या. दिवसभरात त्यांचा स्वतःचा असा तेवढाच वेळ. आता समोर अर्ध्या चड्डीतले बाप्ये आणि हातात पेले. वर आमच्याकडे बघून हात हलवायचे. "हाय आंटी!" एकदा एक मुलगी कुंपणाशी येऊन म्हणाली, आंटी, तो कोयता हातात धरा ना, फोटो काढते, गावचं लाइफ! सासूबाई पदर सावरून आत गेल्या, त्या गेल्याच. तेव्हापासून पुड्या स्वयंपाकघरात, ओट्याशेजारी, उकाड्यात. जी बाई कधी कुणावर चिडली नव्हती, ती मिक्सरवर चिडायला लागली.

दुसऱ्या दसऱ्यापर्यंत बाभूळ घराएवढी झाली आणि फुलली. ओहो, काय फुलली! माझा ऊर भरून आला. पण वाऱ्याची दिशा आमच्या घराकडे. सासऱ्यांच्या चहात पिवळं, दोरीवरच्या धोतरावर पिवळं, पापडांवर पिवळं. त्यांना शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. दम भरायला उभे राहिले तर, "काय रे, खत खा... आक्छी! देतोस का... आक्छी!" मी गंभीर चेहऱ्याने जामीन राहिले. त्यांनी कोयता खाली घेतला आणि त्याच हाताने नाक पुसलं. त्यानंतर त्यांनी दोनदा विषय काढला की खालच्या फांद्या तरी छाटू, बुंधा मोकळा होईल, जरा ऐटदार दिसेल. दोन्ही वेळेला सासूबाई म्हणाल्या, "राहू द्या. कशाला हात लावताय?" मला वाटलं, त्यांना त्या झाडाला हातच लावायचा नाही, छाटायलाही नाही. इतका राग.

शेंगा आल्या त्या चकलीसारख्या वळलेल्या. मी त्या घेऊन सासऱ्यांकडे गेले. "हे बघा बाबा, धरलं."

"हे माणूस खातं?"

"नाही."

"गुरं खातात?"

"बघितलं नाही."

"मग हे धरणं नव्हे." त्यांनी शेंग परत माझ्या हातात दिली. आवाज कडक नव्हता, तेच मला जास्त लागलं. त्यांनाही ते करायचं नव्हतं. पण वाडीच्या माणसाला एकच माप ठाऊक, झाड काय देतं. खायला, बाजारात किंवा देवाला. ह्या तिन्हींत जे नाही, ते झाड नाही, जागा अडवणारं गवत.

वर्षभर मी झटले. फुलं फुलदाणीत लावून पाहिली, सकाळी टेबलावर नुसती हळद. सालीने कापड रंगतं असं एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं, म्हणून साल उकळून त्या पाण्यात पांढरी ओढणी बुडवली, ती चहा सांडल्यासारखी झाली. कारखान्यातल्या बायकांना मी फुलांचे गुच्छ वाटले. एकीने देव्हाऱ्यात ठेवला, तिच्या सासूने उचलून बाहेर ठेवला. नवरा म्हणायचा, "एवढं मनावर घेऊ नकोस." त्याला काय जातंय? त्याला झाड लावावं लागत नाही. मुलगे ह्या घरात फुकट राहतात!

मग तिसरा दसरा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फेरीला निघालो. सासूबाई गुडघ्यांमुळे फेरीला येत नाहीत. त्या पडवीत पुड्या बांधत बसल्या होत्या. गेल्या वर्षी पडवीतला पंखा दुरुस्त झाला, म्हणून त्या तेव्हापासून पुन्हा बाहेर बसायला लागल्या असाव्यात, असं मी समजत होते. बावखलाच्या पलीकडे पोचलो. बाभूळ पिवळीजर्द उभी. सासऱ्यांनी ह्या वेळी दम भरला नाही. नुसते उभे राहिले, दोनदा शिंकले, आणि कोयता मुठीकडून माझ्यापुढे धरला.

"बाबा, सोडा ना," नवरा म्हणाला. "कोर्ट आहे का हे?"

"रीत आहे," सासरे म्हणाले. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलं नाही.

माझं डोकंच फिरलं. "द्या इकडे," मी म्हटलं. "शब्द दिला होता ना मी? सोलापूरची माणसं शब्दाला मागे सरत नाहीत." आवाज मुद्दाम मोठा काढला. पदर खोचला, कोयता उचलला. हातावर पिवळी भुकटी पडत होती. मला त्या झाडाचा राग आला, सातिवलीचा राग आला, स्वतःच्या हट्टाचा तर फारच आला. मी सगळ्यांसारखा गुपचूप एक चिकू का नाही लावला?

"थांब गं बाय!"

सासूबाई बावखलाच्या कडेकडेने येत होत्या. गुडघे दुखत होते तरी जवळजवळ धावत. हातात पुडी बांधायचा केळीचा दोर तसाच. आल्या आणि माझ्या हातातला कोयता काढून घेतला.

"अगं, तीन दसरे झाले," सासरे म्हणाले. "धरलं नाही."

"धरलं नाही? तुम्हांला दिसत नाही ते सांगा. चला माझ्याबरोबर." आम्हा सगळ्यांना त्यांनी वाडीतून मागे नेलं. सासऱ्यांना पडवीत स्वतःच्या पाटावर बसवलं, समोर तोंड करून. "आता सांगा, काय दिसतंय?"

"बाभूळ," सासरे म्हणाले.

"अजून?"

"बाभूळच."

"तिच्या मागे?"

सासऱ्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. "मागे काही नाही."

"तेच फळ," सासूबाई म्हणाल्या. "वर्षभर खातेय मी. तो निळा तलाव दिसत नाही, ती चड्डीवाली माणसं दिसत नाहीत, आणि वर्षभरात मला एकाही मेल्याने हाय केलेलं नाही. माझी दुपार परत दिली त्या झाडाने. तुमच्या कुठल्या चिकूने दिली असती?"

माझ्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला. पंखा कसला न् काय! खालच्या फांद्यांना त्या हात का लावू देत नव्हत्या, तेही कळलं. खालच्या फांद्या छाटल्या असत्या तर पडदा जमिनीपासून उघडा पडला असता. नर्सरीवाला म्हणाला होता ना, भिंत झाकतं. त्याचा अर्थ आमच्या घरात फक्त सासूबाईंना कळला, आणि त्यांनी तो वर्षभर तोंडातून बाहेर काढला नाही.

"मग आधी का नाही बोललात, आई?" मी विचारलं.

"हात धुतले होते मी तुझ्या रोपाला शिवून," त्या म्हणाल्या. "लगेच कसं बोलणार? काही मान आहे की नाही मला?"

सासरे पाटावरून उठायलाच तयार नव्हते. छान वारा येत होता. पण रीत ती रीत. फेरी अर्धी सोडता येत नाही, आणि तिसरा जामीन माझा चालत नाही. म्हणून आम्ही पुन्हा बाभळीकडे गेलो. सासऱ्यांनी कोयत्याची पाठ बुंध्यावर हाणली, वरून हळदीसारखं पिवळं पडलं, आणि त्यांनी नेहमीचा दम भरला. सासूबाई पुढे झाल्या.

"नका हो तोडू. मी जामीन."

सासऱ्यांनी रीतीप्रमाणे विचारलं, "तू कोण ह्या झाडाची?"

"मी कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण लावणारी माझी आहे."

सासऱ्यांनी कोयता खाली घेतला आणि लागोपाठ तीनदा शिंकले. मी मात्र तिथे सगळ्यांसमोर भोकाड पसरलं आणि सोलापूरचं नाव पार धुळीला मिळवलं.